पहिला चमचा कुणाचा?

"पहिला चमचा माझा!"

व्हॅन पुरती थांबलीसुद्धा नव्हती, तेवढ्यात मिरचीने दार सरकवून खाली उडी मारली.

"अगं, पाय मोडशील!" मामा स्टिअरिंगवरूनच ओरडला.

"मोडू दे! आइसक्रीम जिभेने खातात, पायाने नाही!"

मामा खो खो हसला. उतरून त्याने शर्टाच्या खिशातून लांब दांड्याचा स्टीलचा चमचा काढला, रुमालाने पुसला आणि मिरचीच्या डोक्यावरून मागे बघितलं.

"साय, ये बेटा. तू घे."

झालं! आजही मिरचीचा पुढे केलेला हात हवेतच राहिला. लटकत्या हाताचं काय करायचं हे न कळून तिने डोकं खाजवल्यासारखं केलं.

हा चमचा म्हणजे साधासुधा चमचा नव्हता. मामा एका वर्तमानपत्रात लिहायचा. दर मोठ्या सुट्टीत तो व्हॅन काढून रस्त्याला लागायचा, गावोगावची आइसक्रीमची दुकानं पालथी घालायचा आणि शेवटी एका दुकानाला 'रस्त्याचा राजा' ठरवून त्यावर लेख लिहायचा. तो लेख छापून आला की लोक गाड्या घेऊन त्या दुकानावर तुटून पडायचे. सोबत भाचरं असायची आणि एक कडक नियम असायचा. प्रत्येक दुकानात पहिला चमचा एकाच्याच तोंडात जाणार. तो बोलेपर्यंत बाकीच्यांनी हातसुद्धा लावायचा नाही. गेल्या सुट्टीत पहिला चमचा मिरचीचा होता. त्याच्या आधीच्या सुट्टीतही मिरचीचाच होता.

आणि या वर्षी आली साय.

साय म्हणजे मिरचीची मावसबहीण. तिच्याच वयाची. तिला साय म्हणायचे, कारण कुठल्याही भांड्यात ठेवा, ती वरच यायची. चित्रकलेत वर, पोहण्यात वर, गणितात तर विचारूच नका. "जरा मावशीच्या मुलीकडे बघ!" हे वाक्य मिरचीने इतक्या वेळा ऐकलं होतं की बघून बघून तिचे डोळे दुखायला लागले होते. तरी तिला एक समाधान होतं. मामा आपला होता. व्हॅन आपली होती. चमचा आपला होता. आता तिथेही साय धरली!

"ताई, तू रडतेस?" तिचा धाकटा भाऊ पंप जवळ येऊन म्हणाला. दिसेल ते खेचून पोटात घ्यायचा, म्हणून पंप.

"रडतंय माझं खेटर! डोळ्यात धूळ गेलीय."

"दोन्ही डोळ्यांत?"

"पंप, गप्प बस, नाहीतर तुझी हवा काढीन!"

दुकान जुन्या रस्त्यावर एका गल्लीत होतं. नवा रुंद रस्ता गावाबाहेरून गेला आणि ही गल्ली गाड्यांच्या वाटेवरून पुसली गेली. एकच खोली, पुढे एक बाक. मधोमध लाकडी बादली, बादलीत बर्फ, बर्फात उभा स्टीलचा डबा आणि वर फिरवायचा दांडा. दुकानाची मालकीण जाडजूड हातांची बाई होती. तिने डब्यातून आइसक्रीमचा गोळा काढून वाटीत ठेवला. सायने चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले.

"नाटकी," मिरची पुटपुटली.

"दूध लागलंय," साय हळूच म्हणाली. "अगदी किंचित, बुडाला. पण... पण त्यानेच छान लागतंय."

बाई बघतच राहिली. "अगं पोरी! इतक्या वर्षांत हे कुणी ओळखलं नव्हतं गं! माझ्या सासूबाईंचं पातेलं आहे. बुडाला एका जागी झिजलंय, तिथे दूध धरतं म्हणजे धरतंच. कितीही ढवळा! एकदा नवं पातेलं आणलं, तर चवच गेली. पुन्हा आपलं जुनंच चुलीवर चढवलं."

"शाब्बास, साय!" मामा म्हणाला आणि लगेच वाजणारा फोन कानाला लावून बाहेर गेला. स्वतः त्याने एक घास घेतला, तोही फोनवर बोलता बोलता. मोठ्या माणसांचं हे असंच असतं. मुलांना सांगायचं, जेवताना बोलू नका.

मिरचीला तिथे बसवेना. सायचं कौतुक तिच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं होतं. ती बादलीपाशी गेली. "मावशी, मी फिरवू का दांडा?"

"फिरव की! नवीन घाणा आत्ताच लावलाय."

आधी दांडा सहज फिरला. मग जड झाला. मग इतका जड झाला, की मिरचीने दात-ओठ खाऊन, दोन्ही हात लावून, शेवटी बादलीला पाय टेकवून ओढला, तरी तसूभर हलेना!

"गोठलं!" बाई हसली. "दांडा अडला की समजायचं, आइसक्रीम झालं. आणि पाय काढ तिथून, चपला खराब होतील. मिठाचं पाणी आहे ते."

बादलीच्या बुडाशी एक भोक होतं. त्यातून पाणी ठिबकून दारापुढच्या फरशीवर वाहत होतं. फरशीवर पांढरा थर धरला होता आणि कुणाची तरी शेळी तो मन लावून चाटत होती.

"आइसक्रीममध्ये मीठ?" पंपने तोंड वाकडं केलं.

"आत नाही रे राजा, बाहेर. नुसत्या बर्फाने दूध गार होतं, गोठत नाही. बर्फात मीठ पडलं की असा गारठा चढतो की आतलं दूध दगड होतं. पण हे पाणी जिथे जातं तिथे गवताची काडी उगवत नाही. दारात मी गुलाब लावला होता, बिचारा आठवड्यात गेला."

बोलता बोलता ती भरलेले डबे बांधत होती. झाकण घट्ट बसावं म्हणून प्रत्येक डब्याला निळ्या चौकड्याच्या कापडाची पट्टी. "माझ्या मुलीचे शाळेतले जुने झगे," ती म्हणाली. "मुलगी मोठी झाली, झगे अजून कामाला येतायत."

"एवढे डबे कुणासाठी?" सायने विचारलं.

"एक माणूस येतो टेम्पो घेऊन. कॉलेजच्या कॅन्टीनला जातात म्हणतो. त्यावरच चाललंय बघ. इथे गल्लीत कोण येतंय? ही सुट्टी अशीच गेली तर दुकानाला कुलूप लावून लेकीकडे जाईन म्हणते." मग तिने दाराकडे बघितलं. "तुमचे मामा लिहितील का हो चार ओळी?"

गाडीत बसल्या बसल्या मिरचीने विचारलं, "मामा, लिहिशील ना?"

"बघू, बघू," मामा म्हणाला. "चांगलं होतं. पण गल्लीत कोण जाणार? खरा राजा आता पुढे आहे! मोठ्या चौकातलं 'अस्सल हातपॉट'! आहात कुठे!"

आणि गाडी चालवता चालवता, कानात यंत्र खोचून, तो लेख सांगायलासुद्धा लागला. फोन आपोआप लिहून घ्यायचा. "लाकडी बादलीत हाताने घुसळलेलं, पिढ्यान्‌पिढ्यांची चव जपणारं..."

"मामा, तू अजून खाल्लंच नाहीयेस!" मिरची ओरडली.

"अगं, सगळे तेच म्हणतात!"

"मग सगळ्यांनाच लेख लिहायला सांग!"

मामा हसला. साय खिडकीबाहेर बघत होती. मिरचीने तिला कोपराने ढोसलं. "काय गं महाराणी? पुढच्या दुकानात काय लागलेलं असणार आहे? दूध, की दृष्ट?"

सायने मान आणखी खिडकीकडे वळवली. तिचं हे मान वळवणंसुद्धा मिरचीला शिष्टपणाचं वाटलं.

चौकातलं दुकान म्हणजे जत्राच होती. काचेचे दरवाजे, रंगीत दिवे, बाहेर फूटपाथपर्यंत रांग! दारासमोर एक चौथरा होता. चौथऱ्यावर भली मोठी लाकडी बादली आणि पिसाची टोपी घातलेला एक नोकर, गाणं म्हणत दांडा फिरवणारा. चौथऱ्याच्या कडेला विटांचा वाफा आणि त्यात पिवळाधमक झेंडू नुसता उसळलेला. लोक बादलीला टेकून, झेंडू पुढे घेऊन फोटो काढत होते.

मालकाला सगळे शेठ म्हणत होते. पोट पुढे, हसू त्याच्याही पुढे. मामाला बघताच त्याने मिठीच मारली.

"या या या! आमचं भाग्य! सगळं हातचं हो, अगदी सगळं! आणि दूध बघा, आम्ही वाफेवर तापवतो. आमच्याकडे दूध कधी लागत नाही. लागूच शकत नाही!"

वाटी आली. चमचा निघाला. अर्थातच तो सायच्या हातात गेला.

सायने घास घेतला. डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत. शेठचं हसू ताणून ताणून पातळ झालं.

"काय, साय? राजा ना?" मामाने तिच्या खांद्यावर थोपटलं. "मी सांगितलंच होतं! बोल, राजा ना?"

"छान आहे," साय म्हणाली. चमचा खाली ठेवून ती तडक मागे हात धुवायला गेली.

"बघा! पोरीला शब्द सुचेनात!" मामा टाळी देत म्हणाला. झालं. राजा ठरला.

मिरची पाय आपटत बाहेर आली. मला विचारलं असतं, तर मी तासभर बोलले असते! मी 'छान आहे' एवढंच म्हटलं असतं, तर मामा म्हणाला असता, काय गं, जीभ घरी विसरलीस? आणि ती म्हणाली की शब्द सुचेनात! ती गप्प बसली तरी हुशार, मी बोलले तरी बडबडी!

राग काढायला तिला काहीतरी हवं होतं. तिने चौथऱ्यावर उडी मारली. "मी फिरवणार दांडा!"

"या ताईसाहेब! फिरवा आणि फोटो काढा!" टोपीवाला बाजूला झाला.

मिरचीने सगळा जोर लावून दांडा ओढला आणि स्वतःच गर्रकन फिरून बादलीवर आपटली! दांडा चेन सुटलेल्या सायकलच्या पॅडलसारखा भिरभिरत होता.

"आत्ताच लावलंय वाटतं आत?" तिने विचारलं.

"छे! सकाळपासून फिरतोय."

सकाळपासून? मिरची थबकली. सकाळी गल्लीत तिचे दोन हात आणि एक पाय हरले होते. इथे सकाळपासून फिरतोय आणि एका बोटाने फिरतोय?

ती खाली वाकली. बादलीच्या बुडाशी भोक होतं. भोकातून पाणी ठिबकत होतं. ठिबकून ते जात होतं थेट झेंडूच्या वाफ्यात. आणि झेंडू काय पण माजला होता! मुठीएवढी फुलं!

'जिथे हे पाणी जातं तिथे गवताची काडी उगवत नाही.'

मिरचीने बोट पाण्याखाली धरलं. एक थेंब जिभेवर ठेवला. साधं, नळाचं पाणी! मीठ नाही, खार नाही. मीठ नाही तर गारठा नाही. गारठा नाही तर आइसक्रीम नाही. या बादलीत आजवर आइसक्रीमचा एक गोळासुद्धा झाला नव्हता! सगळी नुसती फोटोची नौटंकी!

मग वाटीत आलं ते कुठून?

पण खरं सांगायचं तर हा प्रश्न मिरचीला नंतर पडला. आधी जे मनात आलं ते असं होतं: साय फसली! अहाहा! सोन्याची जीभ, आणि नकली दुकानाला 'छान आहे' म्हणाली! आता सगळ्यांसमोर सांगते! तिला इतका आनंद झाला की तो आनंद तिला स्वतःलाच थोडा घाण वाटला. पण थोडाच.

ती उड्या मारत मागच्या बाजूला गेली. बेसिनपाशी साय उभी होती. नळ वाहत होता आणि ती हात धूत नव्हती.

"अगं महाराणी!" मिरची कमरेवर हात ठेवून म्हणाली. "तुझ्या राजाची बादली खोटी आहे! मिठाचा कण नाही त्यात! ते आइसक्रीम इथलं नाहीच!"

"मला माहीत आहे," साय म्हणाली.

मिरचीच्या कमरेवरचे हात खाली आले. "काय?"

"ते त्या मावशींचं आहे. सकाळच्या. तेच लागलेलं दूध. तीच चव. डोळे मिटले तर मला ते पातेलंच दिसलं."

"मग मघाशी तोंडात काय बर्फ होता? बोलली का नाहीस?"

"मामाने सगळं आधीच ठरवलं होतं. शेठ म्हणाले, दूध लागूच शकत नाही. आणि मी चुकले असते तर?"

"चुकली असतीस तर काय आभाळ कोसळलं असतं? मी रोज चुकते!"

"तू चुकलीस की सगळे हसतात!" सायचा आवाज एकदम चढला. तो चढू शकतो हेच मिरचीला माहीत नव्हतं. "मी चुकले की कुणी हसत नाही. आई नुसती माझ्याकडे बघत राहते. तू व्हॅनमध्ये काहीही बरळतेस आणि मामा पोट धरून हसतो. माझ्या एका तरी वाक्याला तो हसलाय का? मला नुसता चमचा देतो आणि परीक्षेला बसवतो. रोज, प्रत्येक दुकानात! मला तुझा इतका हेवा वाटतो ना, की कधी कधी वाटतं तुझी वेणी कापावी!"

मिरचीने नकळत वेणी धरली.

"माझा हेवा? तुला? अगं, हेवा करायचं काम माझं आहे! मी सुट्टी लागल्यापासून तेच करतेय!"

गळाभेट वगैरे काही झाली नाही. मिरचीला अजूनही ती आवडत नव्हती. पण एक गोष्ट तिला लख्ख दिसली. बादली खोटी आहे एवढंच ओरडलं, तर शेठ म्हणेल, 'आमची वेगळी पद्धत.' आइसक्रीम मावशींचं आहे एवढंच सांगितलं, तर मामा म्हणेल, 'तुझा भास असेल.' अर्धं हिच्याकडे होतं, अर्धं तिच्याकडे. आणि गल्लीतल्या दुकानाला लागणारं कुलूप दोघींनाही माहीत होतं.

"नळ बंद कर आणि चल," मिरची म्हणाली. "मी सुरुवात करते. मला ओरडायला भीती वाटत नाही. पण चवीचं तू बोलायचंस. तेव्हा 'छान आहे' म्हणालीस तर तुझी वेणी मी कापीन!"

"पंप कुठे आहे?"

"मावशींचे डबे कशाने बांधले होते, आठवतंय? त्याला आतल्या खोलीत शोधायला पाठवू. आइसक्रीम असेल तिथे त्याला पाठवायला लागतच नाही म्हणा."

बाहेर शेठ मामाच्या खांद्यावर हात टाकून फोटोला उभा होता. मागे बादली, पुढे झेंडू. रांगेतली माणसंही फोन वर करून बघत होती. मिरचीने गर्दीतून मुसंडी मारली, मामाच्या खिशातून चमचा उपसला आणि बादलीच्या भोकाखाली धरून भरला.

"मामा! डोळे मीट आणि आ कर! पहिला चमचा तुझा!"

फोटो चालू होता, लोक बघत होते, म्हणून मामाने हसत हसत आ केला. नाहीतर त्याने केला नसता. मिरचीने चमचा तोंडात ओतला.

"अगं! हे काय? पाणी?"

"कसं आहे?"

"कसं म्हणजे? गार आहे. साधं पाणी आहे."

"खारट नाही? नीट सांग! तू चव घेणारा माणूस आहेस!"

"नाही बुवा. खारट कशाला असेल?"

"कारण ते बादलीतलं आहे!" मिरची चौथऱ्यावर चढून ओरडली. "बर्फात मीठ नसेल तर दूध गोठत नाही! आणि मिठाचं पाणी पडलं असतं तर हा झेंडू कधीच मेला असता! मग शेठजी, तुमचं आइसक्रीम गोठतं कशाने? टाळ्यांनी?"

रांगेत हशा पिकला. एका आजोबांनी खरंच टाळी वाजवली.

"पोरीला काय कळतंय?" शेठचं हसू घसरलं होतं, पण पडलं नव्हतं. "आमची खास पद्धत आहे, बिनमिठाची! घराण्याचं गुपित आहे!"

मिरचीने सायकडे बघितलं. सायचा चेहरा कागदासारखा झाला होता. बोल! बोल गं!

"गुपित असेल," सायचा आवाज थरथरला, पण थांबला नाही. "पण मग तुमच्या आइसक्रीममध्ये दूध लागलेलं कसं? तुम्हीच म्हणालात, वाफेवर तापवता, लागूच शकत नाही. हे दूध बुडाला झिजलेल्या पातेल्यात तापवलंय. जुन्या रस्त्याच्या गल्लीत. मामा, मघाशी मी घाबरले. आता नाही घाबरत. हे त्या मावशींचं आइसक्रीम आहे."

"मामा! अरे मामा!" आतून पंप धावत आला. त्याच्या कपाळाला निळ्या चौकड्याची पट्टी बांधलेली, ओठांना पांढऱ्या मिशा आणि काखेत स्टीलचा डबा. "आतल्या फ्रीजरमध्ये सगळे मावशींचे डबे! मी फक्त एकच उघडून बघितला! खात्री करायला!"

कुणीतरी ओरडलं, "अहो शेठ, कॅन्टीन ते तुम्हीच का?" खरं म्हणजे ती मिरचीच होती.

शेठने मामाच्या खांद्यावरचा हात काढला.

"मग काय झालं?" तो तडकला. "फुकट नाही घेत मी! चौक माझा, दिवे माझे, फुलं माझी! तिच्या गल्लीत कुत्रं फिरकत नव्हतं! मी विकलं म्हणून विकलं गेलं!" आणि मग एकदम त्याचा आवाज बसला. बोलला तो डब्याकडे बघून. "मीही केलं होतं. सुरुवातीला. खरं मीठ, खरा बर्फ, सगळं तिच्यासारखं. पण तिच्या हातचं होतं तसं माझ्या हातचं कधी झालं नाही. एकदाही नाही."

तो चेहरा मिरचीने ओळखला. आज सकाळीच व्हॅनच्या आरशात बघितला होता. तिच्या जिभेवर आलेला टोमणा तिथेच विरघळला.

"नाही झालं तर नाही झालं," ती म्हणाली, आणि हे आपण नक्की कुणाला सांगतोय हे तिला कळेना. "पण ज्याचं आहे त्याचं नाव तरी घ्यायचं ना!"

शेठ आत निघून गेला. टोपीवाल्याने गाणं थांबवलं आणि टोपी काढून ठेवली. मामा मात्र लालबुंद होऊन उभा होता. न खाताच राजा ठरवणारा माणूस!

"मामा," मिरचीने विचारलं, "लेख पुसायला वेळ लागतो?"

"लिहिण्यापेक्षा कमी," मामा खालच्या आवाजात म्हणाला. त्याने फोन काढला आणि सगळ्यांदेखत तो लेख पुसून टाकला.

"अहो, ती गल्ली कुठे आहे?" टाळी वाजवणाऱ्या आजोबांनी विचारलं. "आम्हाला आइसक्रीम खायचंय, झेंडू नाही!"

परत जाताना व्हॅनच्या मागे गाड्यांची रांग लागली होती. जुना रस्ता इतक्या गाड्या बघून बावचळला असेल. गल्लीत शेळी रस्ता अडवून उभी राहिली, तिला पंपने मोठ्या मिनतवारीने हलवलं.

बाईने सगळं उभ्यानेच ऐकलं. चिडली, पण रडली नाही. "दर खेपेला मी त्याला विचारायचे, कॅन्टीनच्या मुलांना आवडतं का रे? हो म्हणायचा मेला! 'आवडीने खातात' म्हणायचा!" मग बाहेरच्या गाड्यांकडे बघून तिने पदर खोचला. "आता उभे काय राहिलात सगळे? बर्फ फोडायला लागा!"

मामाने बाह्या सरसावून बर्फ फोडला. फोन त्याने व्हॅनमध्येच ठेवला होता. या वेळी त्याने आधी पातेलं बघितलं, दुधाचा वास घेतला, दांडा अडेपर्यंत स्वतः फिरवला. मग बाकावरच्या सगळ्या लोकांसमोर तो म्हणाला, "माझा धंदा चव घेण्याचा, आणि मी चव न घेताच निकाल दिला होता. या दोन पोरी नसत्या तर मी खोट्या राजाला मुकुट घातला असता. एकीचे डोळे, एकीची जीभ. मला दोन्ही नव्हतं."

"आणि माझं पोट!" पंप म्हणाला.

"तुझं पोट तर होतंच!" बाईने त्याच्या हातात आख्खी वाटी दिली आणि दोन्ही मुलींच्या पाठीवर आपले जाड हात ठेवले. "गुणाच्या आहात गं. माझं दुकान राखलंत."

मग मामाने खिशातून चमचा काढला. रुमालाने पुसला. आणि या वेळी मिरचीच्या डोक्यावरून कुठेही बघितलं नाही.

"मिरची. पहिला चमचा."

हाच तो क्षण! किती दिवस याची वाट बघितली होती! सायकडे न बघता मिरचीने चमचा वाटीत खुपसला, डोंगराएवढा गोळा उचलला आणि एका दमात तोंडात कोंबला. आधी टाळू बधिर झाली. मग दात. मग कपाळात अशी कळ गेली की डोळ्यांतून पाणी आलं. दोन्ही डोळ्यांतून! सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. मामा, बाई, आजोबा, दारातली शेळीसुद्धा.

"बोल, कसं आहे?" मामाने विचारलं.

मिरचीने जीभ फिरवून बघितली. जीभ होती, पण असून नसल्यासारखी. तिने मोठ्या कष्टाने गिळलं आणि चमचा सायपुढे धरला.

"तूच सांग बाई. मला फक्त गार लागलं."

मामा हसला. बाई हसली. आणि नुकताच चमचा तोंडात घातलेली साय इतकी फस्सकन हसली, की तिच्या तोंडातला घास थेट मामाच्या शर्टावर उडाला! मग तर मामाने पोटच धरलं.

मिरचीला क्षणभर पुन्हा हेवा वाटला. मामा हिच्यावर इतका हसतोय!

मग तीही हसायला लागली.